धोंडबामामाची मूठ

नागपूरजवळच्या वाडीत, आमच्या गल्लीत, धोंडबामामाबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधून सापडणार नाही. आता स्वतः बाप झालेली पोरं मला रस्त्यात थांबवून सांगतात, "तुमच्या मामानं मले वजाबाकी शिकवली, नाही तर मी चौथीतच बसलो असतो." मी मान डोलावते. खोटं काय आहे त्यात? त्यांना त्यानं खरंच वजाबाकी शिकवली. मलाही शिकवली, आणि पुढे त्याच वजाबाकीनं माझा गळा कापला. पण हे गल्लीला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक व्हायला हवं होतं ती माणसं आता राहिली नाहीत.

मामा म्हणजे माझ्या आईचा, कौसल्येचा, धाकटा भाऊ. नागपुरात एका कापडगिरणीत तो मागावर होता. एक दिवस यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात गेला. हात वाचला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळलं ते वळलंच. त्यानं हात उघडला तरी ती दोन बोटं मिटलेलीच राहायची. त्या हातानं माग चालवता येईना, तेव्हा नोकरी गेली. मामी, गोपिका तिचं नाव, त्याच्या आधीच बाळंतपणात वारली होती. मूल नाही, घर भाड्याचं. आई नागपुरात जाऊन भावाला वळकटीसकट घेऊन आली.

बाबा, म्हणजे चंपतराव, वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाउनात हमालांचे मुकादम होते. मेहुण्याला ते कधी टाकून बोलले नाहीत. पण मामाच्या ताटात दुसरी भाकर पडली की ते एकदा ताटाकडे बघत. फक्त बघत. मामा ती भाकर मान खाली घालून खाई, आणि तिसरी आईनं कितीही आग्रह केला तरी घेत नसे.

आई त्याच गोडाउनात बारदाना शिवायला जायची. त्यामुळे घरी मी, माझ्याहून वर्षानं लहान रवी, आणि मामा. मी दीक्षेच्या वर्षी जन्मले. बाबा कौतुकानं सांगत, आमच्या घरातली ही नव्या धम्मातली पहिली. दरवर्षी पांढरे कपडे घालून ते दीक्षाभूमीवर जात आणि परत आले की आम्हाला बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसवून शिक्षणाबद्दल बोलत. बोलणं छानच असायचं त्यांचं. तरी मला शाळेत घातलं ते रवी मोठा झाल्यावर, त्याला सोबत म्हणून. म्हणून आम्ही दोघं एकाच वर्गात होतो.

मामा चौथी शिकलेला. पण त्याच्यापाशी पोरांना बसवायची एक हातोटी होती. तो शिकवायला बसलाय असं कधी वाटायचंच नाही. अमरावती रोडनं ट्रक जात, तर आम्ही ओट्यावर बसून ट्रकच्या पाटीवरच्या आकड्यांची बेरीज करायची. ट्रक कडुनिंबापाशी पोचायच्या आत उत्तर आलं पाहिजे. जो चुकला त्यानं पुढच्या ट्रकला तोंड मिटून बसायचं, आणि तीच सगळ्यात मोठी शिक्षा वाटायची. आईनं ताटात भाकर टाकली की मामा म्हणे, "थांबा गा, अगोदर हिचे तिघांत सारखे भाग कोण करते ते पाहू." भाग करणाऱ्यानं आपला तुकडा सगळ्यात शेवटी उचलायचा, असा नियम. रवीनं एकदा वाकडे भाग केले आणि त्याच्या वाट्याला नखाएवढा तुकडा आला. तेव्हापासून रवी भाकर अगदी डोळे बारीक करून तोडायचा. अंगणात कोळशानं घरं आखून त्यात पाढे असायचे. साताच्या पाढ्यावर लंगडी घालायची तर सात, चौदा, एकवीस याच घरांत पाय पडला पाहिजे. गल्लीतली पोरं आमच्या अंगणातून हलत नसत.

पण या सगळ्यात मोठा खेळ म्हणजे मूठ. मामाजवळ डालड्याचा एक डबा होता, त्यात चिंचोके. हाताळून हाताळून काळेभोर गुळगुळीत झालेले. मामा डब्यातून चिंचोके मोजून घ्यायचा आणि आकडा जाहीर करायचा, "बारा घेतले." मग काही जमिनीवर टाकायचा आणि उरलेले मुठीत ठेवायचा. खालचे मोजायचे आणि मुठीत किती ते सांगायचं. मग मूठ उघडायची. बारा झाले की पंधरा, पंधरा झाले की वीस. एखाद्याचं उत्तर चुकलं आणि तो हुज्जत घालू लागला, तर मामा शांतपणे म्हणायचा, "मूठ खोटं बोलत नाई, पोट्टेहो. आपलं डोकं चुकू शकते, मूठ नाई." हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलं की माझ्या हाडात जाऊन बसलं.

कोणतं पोर कुठं चुकतं हे मामाला पाठ होतं. रवी मोजत वर जायचा आणि शेवटचा आकडा धरायला विसरायचा. त्याचं उत्तर नेहमी एकानं कमी यायचं. मामा हसून म्हणायचा, "रव्याची गाडी टेसनाच्या एक घर अगोदरच थांबते." रवी चिडायचा, पुन्हा मोजायचा, पुन्हा एक कमी. मी पाच-पाचाचे गट डोळ्यांनीच पाडायची. माझं उत्तर मामानं मूठ आवळायच्या आत तयार असायचं. कुणी ऐकत नसताना तो मला हळूच म्हणायचा, "तारे, तू माह्यापेक्षाही पुढं जाशीन." शाळेतल्या बाईंनी काय म्हटलं ते मी विसरले. मामाचं हे म्हणणं मात्र मी उराशी धरून ठेवलं होतं.

सदुसष्ट साली आम्ही दोघं चौथी पास झालो. जवळची शाळा चौथीपर्यंतच. पुढं जायचं तर नागपुरात, धरमपेठेत. त्याच वर्षी आमच्या घरी धाकटी बहीण झाली होती. आईला काम सोडून चालणार नव्हतं, आणि तान्ह्या पोराला मामाच्या एका हाताच्या भरवशावर टाकायला ती तयार नव्हती. म्हणजे दोघांपैकी एकानं घरी राहायचं होतं. बाबा म्हणाले रवी जाईल. आई म्हणाली तारा जाईल. आई एरवी बाबांपुढं बोलणारी नव्हती, पण या एका गोष्टीवर अडून बसली.

"पोरगी हुशार आहे हे अख्ख्या गल्लीले माहीत आहे," ती म्हणाली. "तसबिरीखाली बसून तुम्ही काय सांगता आम्हाले? ते पोट्ट्यासाठीच होतं का?"

बाबा तसबिरीकडे पाठ करून बाहेर गेले. दोन-तीन दिवस ते फक्त जेवायला घरी येत. मग एका शनिवारी जेवताना बाबा एकदम मऊ आवाजात म्हणाले, "भांडण कायले? ज्याचं गणित पक्कं तो जाईन. उद्या धोंडबाच्या मुठीवर ठरवू. त्याच्या मुठीवर तर तुहा भरवसा आहे ना?"

आईचा चेहरा उजळला. तिच्या दृष्टीनं निकाल लागलाच होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात वरण जास्त वाढलं. मामानं मान वर केली नाही. मला वाटलं, तो नेहमीसारखा ताटाला बघून जेवतोय.

रविवारी दुपारी अंगणात चटई टाकली. शेजारपाजारची चार माणसं तमाशा बघायला उभी. बाबा खाटेवर, आई दारात धाकटीला मांडीवर घेऊन. मामानं सांगितलं की तोंडानं बोलायचं नाही, पाटीवर लिहायचं आणि पाट्या एकदम उलटायच्या. पहिल्या डावात दोघांचं बरोबर आलं. दुसऱ्यातही. रवीनं त्या दिवशी जीव लावून मोजलं, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. तिसऱ्या डावाला मामा म्हणाला, "तीस घेतले." खाली चिंचोके पसरले. मी बघितले, पाच, पाच, पाच आणि चार. एकोणीस. मी पाटीवर अकरा लिहिलं आणि पाटी छातीशी धरून आईकडे बघून हसले.

"पाट्या दाखवा," मामा म्हणाला.

माझ्या पाटीवर अकरा, रवीच्या पाटीवर दहा. शेवटी त्याची गाडी एक घर आधी थांबलीच, हे बघून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मामानं दोन्ही पाट्या पाहिल्या. मग मूठ जमिनीवर रिकामी केली. त्याच्या दोन बोटांची नेहमीची अढी तशीच राहिली, बाकीचा हात उघडला. त्यानं एकेक चिंचोका बाजूला करत मोठ्यानं मोजलं. दहावर चिंचोके संपले.

"दहा," मामा म्हणाला, आणि खालचे सगळे गोळा करून डब्यात टाकले. नेहमीच टाकायचा तसे.

बाबा उठून उभे राहिले. "झालं. मूठ बोलली." त्यांनी चपला घातल्या आणि ते बाहेर गेले. रवी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, त्याचाही विश्वास बसत नव्हता. मग तो अंगणभर नाचला.

मी तिथंच बसले. रडलेसुद्धा नाही. मी डोक्यात ती जमीन पुन्हा पुन्हा बघत होते. पाच, पाच, पाच, चार. का शेवटचेही पाच होते? असतीलच. मूठ खोटं बोलत नाही, तेव्हा माझंच डोकं चुकलं. आई जवळ आली, माझ्या हातातली पाटी घेतली आणि म्हणाली, "काहून घाई केली वं? एकदा पुन्हा मोजाचं होतं." आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. माझ्यावर विश्वास टाकून ती नवऱ्याशी भांडली होती आणि मी तिला तोंडघशी पाडलं होतं.

एका वर्षाचाच प्रश्न आहे, असं बाबा म्हणाले. पुढच्या वर्षी धाकटी चालायला लागली आणि धावणाऱ्या पोरामागे माणूस लागतंच, असं ठरलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी इतकी मोठी झाले होते की पाचवीत बसायची मलाच लाज वाटली. रवी धरमपेठेला जात राहिला. दोनदा बसून मॅट्रिक झाला आणि बाबांच्याच गोडाउनात कारकून म्हणून लागला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तो जिंकला होता, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्या काळात माझ्याशी सगळ्यात प्रेमानं कोण वागलं असेल तर मामा. आपल्या वाट्याचा गूळ तो माझ्या हातावर ठेवायचा. दुपारी धाकटी झोपली की मला भागाकार शिकवायचा. मला वाटे, या घरात माझं दुःख एकट्या मामाला कळतं. तो गूळ मी मिटक्या मारत खाल्ला. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

सतराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी धंतोलीत आले. नवरा रेल्वेत, आठवड्यातले बरेच दिवस गाडीवर. मी एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागले. काम चांगलं करते, पण एक खोड मला त्या मुठीपासून जडलेली. चादरी असोत, टॉवेल असोत, मी एकदा मोजून थांबत नाही. दुसऱ्यांदा मोजते, तिसऱ्यांदा मोजते, तरी मनात धाकधूक राहते. आमच्या नर्स इंदुताई म्हणायच्या, "ताराबाई, तुमचं मोजून होईस्तोवर पेशंट घरी जाते." सगळे हसायचे, मीही हसायची. काय सांगणार? मी घाईनं मोजणारी बाई आहे, हे मला अकराव्या वर्षीच समजलं होतं.

बाबा गेले, मग दोन-तीन वर्षांनी आई गेली. शेवटच्या दुखण्यात आई माझ्याच खोलीत होती. मी दवाखान्यातून आले की ती माझे हात बघायची, फिनाइलनं सोललेले. एकदा म्हणाली, "थोडी थांबली असती तर, तारे. एकदा पुन्हा मोजलं असतं तर." इतक्या वर्षांनी तिच्या मनात तेच होतं. मी म्हटलं, "हो आई, घाईच झाली." ती तेवढं ऐकून गेली.

चौऱ्याऐंशी साली मामाला मोतीबिंदू झाला. तो रवीकडेच राहायचा, वाडीतच. मी आमच्या डॉक्टरांच्या हातापाया पडून त्याचं ऑपरेशन करवलं आणि त्याला माझ्या खोलीवर ठेवून घेतलं. येताना चिंचोक्यांचा डबा घेऊन ये, असा निरोपही मीच धाडला होता. माझी जया दुसरीत होती आणि वजाबाकी म्हटलं की रडायला बसायची. मी तिला सांगून ठेवलं होतं, "माझे मामा येऊ देत, बघ कसं येतं ते." डब्यावरचा रंग उडाला होता, चिंचोके मात्र तेच होते.

मामा एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून चटईवर बसायचा. दुसऱ्या डोळ्यानं त्याला समोरचं जेमतेम दिसायचं. जया पहिल्याच दिवशी त्याला चिकटली. दोन-तीन दिवसांत वजाबाकी म्हटलं की रडणारी माझी पोरगी शाळेतून धावत घरी येऊ लागली. मला भरून यायचं. वाटायचं, माझं राहिलं ते राहिलं, पण हा माणूस माझ्या पोरीच्या वाट्याला आला हे काय कमी आहे?

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी मामाच्या पट्टी बांधलेल्या डोळ्याच्या बाजूला, दारात, सुपात तांदूळ निवडत होते. मी तिथं आहे हे त्याला ठाऊक नसावं. डाव बाराचा होता. जया दोनदा चुकली होती, तिचा ओठ बाहेर आला होता. मामानं पुन्हा खाली टाकले. मी सहज मान वळवून बघितलं, पाच आणि दोन. सात. मुठीत पाच.

जयानं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "चार."

रवीमामावर गेली, असं मी मनात म्हटलं. एक घर आधी थांबली. मामानं मूठ रिकामी केली. एक, दोन, तीन, चार.

"चार. शाब्बास वं पोरी."

जया टाळ्या पिटत नळावर पाणी प्यायला पळाली. आणि मी, सूप हातात धरून, पहिला विचार काय केला? खाली आठ असतील, मीच चुकीचं मोजलं. मूठ खोटं बोलत नाही. मी खाली पुन्हा बघितलं. सातच होते. तिसऱ्यांदा बघितलं. तेवढ्यात मामानं हात झटकला आणि त्याच्या मिटलेल्या दोन बोटांच्या अढीतून एक चिंचोका फरशीवर पडला. टक्‌ असा आवाज झाला आणि तो घरंगळत माझ्या पायापाशी आला.

मी तो उचलला. गरम होता, हाताचा.

"मामा, हा कुठून पडला?"

तो दचकला. "कोण, तारे? तू घरीच आहे का?" मग हसायचा प्रयत्न केला. "पोट्टी रडाले आली होती वं. एखादा डाव जिंकली की हुरूप येते. म्हणून ठेवला अडकवून."

"त्या दिवशीही असाच अडकवला होता?"

कोणत्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही. उत्तर मला तिथंच मिळालं. मी सूप खाली ठेवलं.

खालचे चिंचोके चाचपत गोळा करत तो बोलला. "आदल्या दिवशी भाऊजीनं मले गोडाउनामागं बोलावलं. म्हणे, पोट्टी शाळेत अन् पोट्टा घरी लेकरू सांभाळते, हमाल काय म्हणतीन मले? कौसल्या माह्यं आयकत नाई, तुह्या मुठीचं आयकते. एवढंच बोलले."

"अन् तू हो म्हटलं."

"मी त्याच्या घरी जेवत होतो, तारे."

दोन भाकरींसाठी. मला ते ताटात बघणारे बाबा आठवले आणि क्षणभर मामाची कीवही आली. पण त्यानं तिथंच थांबायला हवं होतं. तो थांबला नाही.

"खरं सांगू? मले वाटलं तू बोलशीन. तुले पक्कं येत होतं. तू म्हणशीन, मामा, पुन्हा मोज, तुही मूठ चुकली. मी डबा लावाले जराशी देर केली. तू चूपच बसली."

म्हणजे चूक पुन्हा माझीच. "मूठ खोटं बोलत नाई हे मले कोणं शिकवलं होतं?" मी म्हटलं. "रवी एक कमी सांगते हे तुले माहीत होतं. त्याच्या चुकीच्या मापानं तू मूठ केली. शाळा बाबानं घेतली माही, ते त्याच्यापाशी. पण माह्यं डोकं तू घेतलं. सतरा वर्षं झाली, मी अजून चादरी तीन-तीनदा मोजून राहिली. काहून, माहीत आहे तुले?"

त्याचा उघडा डोळा पाण्यानं भरला. ऑपरेशन झालेल्या माणसानं रडू नये, असं आम्ही पेशंटना सांगतो. मी त्याला सांगितलं नाही.

जया तोंड पुसत आत आली. आमच्या चेहऱ्यांकडे बघून दारात उभी राहिली. मी तिला चटईवर बसवलं.

"अजून एक डाव खेळ."

"आई, मी जिंकली ना आत्ता."

"नाही जिंकली. खाली सात होते, मुठीत पाच होते. तू चार म्हटलं, ते चुकलं. पुन्हा मोज."

ती मामाकडे बघू लागली. मामानं बारा घेतले आणि खाली टाकले. जयानं या वेळी बोट लावून लावून मोजलं, दोनदा. मग हळूच म्हणाली, "खाली नऊ. मुठीत तीन." मामानं मूठ रिकामी केली. तीन होते. जया खूश होऊन उठायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"हात उलटा करायला सांग आजोबांना."

"काहून?"

"सांग."

तिनं सांगितलं. मामानं हात उलटा केला, मग सुलटा केला. मी जयाचं बोट धरून त्या वळलेल्या दोन बोटांच्या अढीत घातलं. तिथं काही नव्हतं. या डावाला मूठ खरी होती. पण ती खरी आहे की नाही हे आता चाचपून बघावं लागत होतं, आणि मामानं लहान पोरासारखा हात पुढं धरून ते चाचपू दिलं. "मूठ कुणाचीही असो," मी जयाला म्हटलं, "तुझं मोजलेलं आणि मुठीतलं जुळलं नाही तर गप्प बसायचं नाही. अगोदर सगळा हात उघडायला लावायचा."

त्यानंतर मामाचं माझ्याकडे मन लागेना. पट्टी निघाली तसं त्यानं वळकटी बांधली. डबा जयासाठी ठेवला. मी नको म्हणाले नाही. चिंचोक्यांचा काय दोष?

वाडीच्या बसपर्यंत मी त्याला सोडायला गेले. नवा चष्मा लावून तो रस्त्यावरच्या गाड्या बघत होता, पाट्यांवरचे आकडे आता त्याला दिसत असावेत. बस दिसली तसा तो माझ्या जवळ सरकला. मला वाटलं, आता माफी मागेल. मी काय म्हणणार हेही मी ठरवत होते.

"तारे," तो हळू आवाजात म्हणाला, "रवीले सांगू नको. मले त्याच्याच घरी राहाचं आहे."

सतरा वर्षं झाली, ताट बदललं, आणि हा माणूस अजून तिथंच बसला होता, मान खाली घालून.

"रवीले नाही सांगत," मी म्हटलं. "पण मी घाई केली नव्हती, हे आईले आता कोण सांगीन?"

बस थांबली. लोक चढायला लागले. मामानं दांडा धरायला उजवा हात वर केला, पण त्या हाताची पकड पुरी बसत नाही. तो घसरला. मागचा माणूस ओरडला, "आजोबा, चढा ना लवकर." मी त्याला दंडाला धरून वर चढवलं, आणि मागं वळून न बघता दवाखान्याकडे निघाले, कारण माझी पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती.